फक्त घरगुती वापरासाठी

सोयरिकीच्या बैठकीला सतरंज्या दोन लागतात, हे पिंपरी पेंढारात कुणाला सांगावं लागत नाही. एकीवर मुलीकडचे बसतात, दुसरीवर मुलाकडचे, आणि मधे पाण्याचा तांब्या. पण दोन हजार आठ सालच्या त्या रविवारी जयवंतरावांच्या पुढच्या खोलीत दोन सतरंज्या अंथरल्या गेल्या तेव्हा घरात लग्नाचं कुणीच नव्हतं. एकुलता एक मुलगा प्रबुद्ध, त्याचं लग्न कधीच झालं होतं आणि तो चाकणला कंपनीत ड्यूटीवर गेला होता. सतरंज्या अंथरल्या होत्या त्या कॉम्प्युटरमध्ये नवं सॉफ्टवेअर टाकायचं म्हणून.

हसू येत असेल तर खुशाल हसा. यशोधराला मात्र त्या दिवशी हसू येत नव्हतं.

यशोधरा ही प्रबुद्धची बायको, जयवंतरावांची सून. बी.ए. झालेली, मराठी-इंग्रजी दोन्ही टायपिंगच्या परीक्षा पास. नारायणगावचे एक क्लासवाले सर तिला नोट्स आणि प्रश्नपत्रिका टाइप करायला द्यायचे. एसटीच्या कंडक्टरच्या हाती पेनड्राइव्ह यायचा आणि तसाच परत जायचा. लग्न होऊन या घरात आल्यापासून 'हे माझं' म्हणावं असं तिच्याकडे हे एवढंच होतं. भांडी उरकली, पाणी भरून झालं, की ती कॉम्प्युटरसमोर बसायची आणि तेवढा वेळ ती कुणाची कुणी नसायची.

मग सरांनी आपल्याकडे ऑफिसचं नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि घोटाळा झाला. त्यांच्या फायली यशोधराच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेनात. उघडल्या तरी प्रश्नांच्या जागी नुसते चौकोन. सरांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, सोमवारी सकाळच्या गाडीनं पेपर मिळाला पाहिजे. जमत नसेल तर तसं सांगा. आळेफाट्याला एक मुलगा आहे, त्याच्याकडे नवं आहे." आळेफाट्याच्या त्या मुलाला यशोधरानं कधी पाहिलं नव्हतं, पण भाकरी थापताना, धुणं धुताना तो सारखा तिच्या डोळ्यांपुढे येऊ लागला. तिनं घरात कुणाला फारसं न विचारता ओतूरहून पप्पूला बोलावून घेतलं.

पप्पूचं ओतूरला स्टँडजवळ कॉम्प्युटरचं दुकान. तिशीचा गडी, बोलका आणि कायम घाईत. मोटारसायकल उभी करतानाच म्हणाला, "वहिनी, पटकिनी उरकू. मला हितनं लोणीला जायचंय, डेअरीच्या हापिसात बी असंच टाकायचंय. आन् दुपारी तुमची लाइट जाती." सीडी आत गेली. पप्पूनं इकडे दाबलं, तिकडे दाबलं, आणि पडद्यावर बारीक इंग्रजी मजकुरानं भरलेली एक चौकट आली. खाली दोन बटणं होती. एक 'मान्य आहे'चं, एक 'मान्य नाही'चं. पप्पूनं सवयीनं बाण पहिल्या बटणावर नेला.

"थांब," मागून जयवंतराव म्हणाले.

आता जयवंतराव म्हणजे काय चीज आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्यांची सगळी नोकरी तालुक्याला कचेरीत गेली, लोकांचे दस्त करून घेण्याच्या टेबलावर. नोकरीभर ते लोकांना विचारत राहिले, "वाचलं का?" आणि लोक नोकरीभर त्यांना विचारत राहिले, "सही कुठं करू?" दस्त वाचून सही केलेला माणूस त्यांना काही भेटला नाही. ही सल घेऊनच ते रिटायर झाले. आणि आता त्यांच्याच घरात, त्यांच्याच डोळ्यांदेखत, ओतूरचा हा पप्पू न वाचता कशाला तरी मान्यता देत होता.

"काय हाय ते?" त्यांनी विचारलं.

"काय नाय हो काका. करार असतोय. समदे दाबत्यात."

"वाचून?"

"वाचून कोन दाबतंय!" पप्पू हसला. ते हसणं त्याला फार महागात पडणार होतं.

"करार म्हनतोस. एक बाजू आमची. दुसरी बाजू कुनाची?"

"कंपनीची."

"मंग कंपनीकडनं कोन आलंय?"

पप्पूनं मागं वळून पाहिलं. मागं कॅलेंडर होतं.

"म्हंजी तूच," जयवंतराव म्हणाले. "बस खाली. सोमाजीला बोलवतो."

यशोधरा पुढे आली. "मामा," ती म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. "मामा, अहो तसं काही नसतं. सगळ्या जगात असंच दाबतात."

"म्हनून तर जगाचं असं झालंय," जयवंतराव म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.

सोमाजी भावकीतले सगळ्यात वडील. करार जमिनीचा असो, विहिरीचा असो की सोयरिकीचा, चार माणसं बसल्याशिवाय व्हायचा नाही आणि त्या चारांत सोमाजी असल्याशिवाय मोडायचाही नाही. त्यांनी उभ्या जन्मात बैठका केल्या त्या सोयरिकीच्याच जास्त, त्यामुळे कुठलीही बैठक त्यांच्या हातात पडली की तिची सोयरीक व्हायची. जयवंतरावांच्या दारात येऊन त्यांनी सगळ्यांना जय भीम घातला, खोलीभर नजर फिरवली आणि पहिला प्रश्न टाकला, "मुलीकडचं कोन?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"आसं करू," सोमाजी म्हणाले. "नवीन कोन येतंय? साफ्टवेर. कुनाच्या घरात येतंय? जयवंताच्या. मंग साफ्टवेर ती नवरी झाली. कंपनीवालं मुलीकडचं, आपन मुलाकडचं. सतरंज्या आना."

या बोलण्यात चूक कुठं आहे ते कुणालाच दाखवता आलं नाही. मलाही आजवर सापडलेली नाही.

सतरंज्या आल्या. पप्पूला मुलीकडच्या सतरंजीवर बसवलं, हातपाय धुवायला पाणी दिलं, डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. पण एवढ्या मोठ्या सतरंजीवर एकटा पप्पू फारच केविलवाणा दिसू लागला. मुलीकडून एकच माणूस आला हे मुलाकडच्यांनाही शोभत नाही. तेव्हा सोमाजींनी फर्मान काढलं की भावकीतल्या काहींनी तिकडे जाऊन बसावं. ते बोलून संपायच्या आत सावळेरामतात्या उठून तिकडे जाऊन बसलेसुद्धा.

सावळेरामतात्या जयवंतरावांचे चुलतभाऊ. सामायिक नळाची तोटी कुणाच्या अंगणाकडे वळवायची यावरून दोघांचं बरीच वर्षं बिनसलेलं. भाऊबंद म्हणून प्रत्येक कार्यात त्यांना जयवंतरावांच्याच बाजूला बसावं लागे आणि तोंड दाबून माना डोलवाव्या लागत. आज पहिल्यांदा समोरच्या सतरंजीवर बसायची संधी मिळाली होती. त्यांनी मांडी ठोकली, मिशीवरून हात फिरवला आणि पप्पूच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "पावणं, तुमी गप ऱ्हायाचं. बोलायचं ते आमी बोलू."

"आवो पर मला लोणीला..." पप्पू म्हणाला.

"लोणी पळून जात नाय," तात्या म्हणाले.

आता अडचण एवढीच उरली की करार इंग्रजीत होता. जयवंतरावांना कचेरीतलं इंग्रजी यायचं, पण हे इंग्रजी कचेरीतलं नव्हतं. तेव्हा यशोधरानं वाचायचं आणि मराठीत सांगायचं असं ठरलं. खुर्ची कॉम्प्युटरपुढे ओढून ती बसली. तिच्या मागे दोन्ही सतरंज्या, उजवीकडे स्वयंपाकघराचं दार आणि त्या दारात सासू द्रौपदाबाई उभ्या. यशोधराची स्वतःची बैठक घोडेगावला तिच्या बापाच्या घरी झाली होती, तेव्हा ती अशीच स्वयंपाकघरात होती आणि बाहेर काय चाललंय ते कपबशांच्या आवाजातून ऐकत होती. त्या दिवशी तिला एकच प्रश्न विचारला गेला होता, चहात साखर कमी कशी पडली. आज ती बैठकीच्या मधोमध बसली होती, पण या सगळ्यात लाइट गेली तर पेपर जाणार नव्हता, आणि पेपर गेला नाही तर आळेफाट्याचा मुलगा होताच. ती भराभर वाचू लागली.

"पहिलं कलम. हे सॉफ्टवेअर तुम्हाला विकलेलं नाही. मालकी कंपनीचीच राहणार. तुम्हाला फक्त वापरायची परवानगी."

मुलाकडची सतरंजी खवळली. पैसे देऊन मालकी नाही म्हणजे काय!

"थांबा, थांबा," सोमाजी म्हणाले. "म्हंजी पोरगी नांदायला येनार, पर नाव म्हायेरचंच लावनार."

"मंग त्यात काय बिघाडलं?" तात्या समोरून कडाडले. "आमची पोरगी हाय. आमी काय टाकून दिली व्हय?"

"मुलीकडचं असून एवढा तोरा?"

"कंपनी तशी हाय आमची," तात्या म्हणाले. कंपनीचं नाव त्यांना सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं आणि आत्ताही नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर असा काही रुबाब आला होता की पप्पूनंसुद्धा त्यांच्याकडे आदरानं पाहिलं.

बराच वेळ हुज्जत घालून ते कलम मान्य झालं. यशोधरा पुढे सरकली. "दुसरं. आत काय आहे, कसं केलंय, हे उघडून बघायचा प्रयत्न करायचा नाही."

"म्हंजी पोरीला म्हायेरचं खोदून खोदून इचारायचं नाय," सोमाजींनी अर्थ सांगितला.

"हे ब्येस कलम हाय," दारातून द्रौपदाबाई म्हणाल्या. सगळ्यांनी चमकून तिकडे पाहिलं. बैठकीत बाईनं बोलायचा रिवाज नव्हता, पण त्या बोलून पुन्हा गप्प झाल्या होत्या, त्यामुळे कुणाला काही म्हणता आलं नाही.

"तिसरं. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याकडे द्यायचं नाही, उसनं द्यायचं नाही, भाड्यानं तर मुळीच द्यायचं नाही. अटी मोडल्या तर कंपनी परवानगी काढून घेईल."

"छळ केला तर म्हायेरी घिऊन जाऊ," तात्यांनी बजावलं. "सांगून ठिवतो जयवंता."

"आमच्या घरात कुनाचा छळ झालाय आजवर?" जयवंतरावही तापले.

"ते नळाला इचार."

वाचता वाचता यशोधराला एक विचित्रच जाणीव होऊ लागली. तिला त्या सॉफ्टवेअरचा हेवा वाटत होता. नाव बदलायचं नाही, खोदून विचारायचं नाही, कुणाच्या घरी राबायला उसनं पाठवायचं नाही, बरं वागला नाहीत तर परत घेऊन जाऊ! एवढ्या अटी तिच्या बापानं घातल्या असत्या तर? बापानं कसल्या घालाव्यात, तो बिचारा 'पोरीला सांभाळून घ्या' एवढंच म्हणाला होता आणि तेही हात जोडून. तिला बापाचा राग नाही आला, फक्त त्याचे ते जोडलेले हात आठवले. ती पुढचं वाचू लागली.

पुढचं कलम कोर्टाचं निघालं. वाद झाला तर दावा कंपनीच्या देशातल्या कोर्टात चालणार. यावर मात्र हातघाईवर यायची वेळ आली. जयवंतराव म्हणाले, जुन्नरच्या कोर्टाबाहेर एक पाऊल टाकणार नाही. तात्या म्हणाले, आमच्या कंपनीला जुन्नरची हवा मानवत नाही. तात्यांच्या सतरंजीवरचा भागू तर कंपनीसाठी जीव द्यायला तयार झाला. त्याला या घरात अजून चहा मिळाला नव्हता आणि हा मुलीकडच्यांचा अपमान आहे असं त्याचं म्हणणं होतं. तो उठून अंगणात जाऊन रुसून बसला. सोमाजी त्याची समजूत काढायला गेले. तोवर पप्पूनं घड्याळ पाहिलं, कपाळावरची टोपी मागे सारली आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "काका, आवो कंपनीला म्हाईत बी नाय आपन हितं बसलोय!"

"बघा," जयवंतराव म्हणाले, "मुलीकडच्यांना कळवलंबी नाय यानं."

शेवटी भागूला चहा मिळाला, सोमाजी परत आले आणि त्यांनी तोड काढली. कंपनीचा देश एका बाजूला, जुन्नर दुसऱ्या बाजूला, तर दावा मधल्या ठिकाणी, खेडच्या कोर्टात चालवावा. दोन्ही बाजूंना ते पटलं. खेडला एसटी थेट जाते, कंपनीच्या माणसांचीही सोय होईल. यशोधरानं ते कुठं टाइप करावं असं कुणीतरी विचारलं. तिनं कीबोर्डवर उगाच दोन-चार बटणं दाबल्यासारखं केलं आणि "झालं" म्हणाली.

ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. आता थोडंच उरलं होतं. तिनं पान वर सरकवलं आणि पुढच्या ओळीवर तिचे डोळे थबकले.

हे सॉफ्टवेअर फक्त घरगुती वापरासाठी आहे, असं तिथं लिहिलं होतं. पैसे मिळवण्यासाठी, धंद्यासाठी, मोबदल्याच्या कुठल्याही कामासाठी ते वापरता येणार नाही.

तिनं पप्पूकडे पाहिलं. पप्पू छताकडे पाहत होता. त्यानं घरासाठीचं म्हणून स्वस्तातलं आणलं होतं, त्याची काही चूक नव्हती. ही एक ओळ गाळायची, बस्स. खोलीत कुणाला कळणार होतं? पण सकाळपासून तिनं एक अक्षर गाळलं नव्हतं, वाकडं सांगितलं नव्हतं. तिच्या एकटीच्या शब्दावर विसंबून ही सगळी म्हातारी माणसं भांडत होती, रुसत होती, तडजोडी करत होती. वेडेपणा होता, पण त्या वेडेपणात पहिल्यांदाच ती सांगेल ते खरं धरलं जात होतं. ते तिला मोडवेना.

तिनं ती ओळ जशीच्या तशी सांगितली.

जयवंतरावांनी चष्मा काढला. "म्हंजी नारायनगावचं टायपिंग यात करता येनार नाय?" त्यांच्या आवाजात खरंच वाईट वाटलेलं होतं. "मंग पोरी, कसं करायचं? करार तो करार. खोटं तर आपन मान्य करायचं नाय."

यशोधराला वाटलं, संपलं. सगळं हातातून गेलं.

आणि अशा वेळी तिच्या मदतीला कोण धावून यावं? सावळेरामतात्या! सकाळपासून कंपनीची बाजू लढवून त्यांचं मन मोठं झालं होतं. ते म्हणाले, "जयवंता, तू बी काय येडा हायेस? ती सून कुठं बसती?"

"हितंच. घरात."

"बाई मानूस घरात बसून करती ते काय काम असतंय व्हय? सैपाक करती ते काम हाय? धुनं धुती ते काम हाय? मंग जाता येता दोन बटनं दाबती ते कसं काय काम झालं? घरातलं समदं घरगुतीच."

"खरं हाय," मुलाकडच्या सतरंजीवरून कुणीतरी म्हणालं.

"आन् पैशे मिळत्यात त्याचं?" जयवंतरावांना अजून शंका होती.

"ते काय पैशे! बांगड्या-बिंगड्याला व्हत्यात," तात्या म्हणाले. "टाइमपास हाय तो. कंपनीची काय हरकत नाय."

सोमाजींनी मान डोलावली. जयवंतरावांनीही थोडा विचार केला, चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मान डोलावली. सकाळपासून ज्या दोन सतरंज्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, त्यांचं या एका गोष्टीवर क्षणात झालं. कुणी कुणाला समजवावं लागलं नाही. भागूसुद्धा हसला. जयवंतराव आणि सावळेरामतात्या इतक्या वर्षांनी एकमेकांशी सरळ बोलले. सोमाजींनी द्रौपदाबाईंकडे साखर मागितली, साखरेची वाटी दोन्ही सतरंज्यांवरून फिरली, आणि सोयरीक जमली.

"दाब पोरी," सोमाजी म्हणाले. "मान्य हाय म्हन."

पप्पूनं आनंदानं टोपी काढली.

यशोधराच्या हातावरही चिमूटभर साखर पडली होती. ती तिनं तोंडात टाकली नाही. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं. फाइल उघडणार होती, पेपर सोमवारच्या गाडीनं जाणार होता, आळेफाट्याचा मुलगा बसला असता वाट बघत. बाण 'मान्य आहे'वर होता, बोट बटणावर होतं आणि बोट खाली जाईना. तिला संताप आला होता. असा संताप तिला स्वतःच्याही बैठकीच्या दिवशी आला नव्हता, कारण त्या दिवशी तिच्यापुढे दोन बटणं कुणी ठेवलीच नव्हती. पाठीला रग लागेपर्यंत ती बसायची, एका मात्रेसाठी पान पुन्हा पुन्हा तपासायची, आणि ते काय होतं? जाता येता दाबलेली दोन बटणं!

तिनं बाण हलवला आणि 'मान्य नाही' दाबलं.

पडद्यावर लगेच छोटी चौकट आली. नक्की का, असं विचारत होती. "हो," ती मोठ्यानं म्हणाली आणि तेही दाबलं. करार नाहीसा झाला. मागे जुना निळा पडदा तेवढा राहिला.

"आरारा," पप्पू म्हणाला.

"आगं, चुकून दाबलं काय?" सोमाजींनी विचारलं. त्यांनी जमवलेली सोयरीक साखर वाटल्यावर आजवर मोडली नव्हती.

"चुकून नाही आजोबा." यशोधरा खुर्ची फिरवून दोन्ही सतरंज्यांकडे तोंड करून बसली. "मला ती अट मान्य नाही. मी घरगुती काही करत नाही इथं. मी काम करते."

"आमी कुठं..." जयवंतराव म्हणाले आणि थांबले. दस्ताच्या टेबलावर उमर गेलेला माणूस, आत्ता कशाला मान हलवली ते त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. त्यांनी मान खाली घातली.

"पप्पूभाऊ," यशोधरा म्हणाली, "कामासाठीचं वेगळं असतं ना?"

"असतंय की. एक हाय माझ्याकडं, पर ते लोणीच्या डेअरीचं हाय. आन् वहिनी, ते महाग पडतंय."

"लोणीला उद्या दुसरं द्या. वरचे पैसे मी देते."

"कशातनं?" सावळेरामतात्यांनी विचारलं. सवयीनं विचारलं, त्यात वाईट हेतू नव्हता.

"कामातून," यशोधरा म्हणाली.

पप्पूनं एकदा दाराकडे, एकदा जयवंतरावांकडे पाहिलं. जयवंतरावांनी हातानं 'घाल' अशी खूण केली. पप्पूनं पिशवीतून दुसरी सीडी काढून आत सरकवली. पडद्यावर आधी एक रिकामी जागा आली, व्यवसायाचं नाव मागत होती. यशोधरा क्षणभर अडखळली, मग तिनं 'यशोधरा टायपिंग' असं लिहिलं. पुढे पुन्हा तशीच चौकट आली, तसाच बारीक मजकूर, खाली तशीच दोन बटणं.

सोमाजींनी सतरंजी नीट केली. तात्या सरसावून पप्पूच्या शेजारी सरकले. भागूनं मांडी बदलली. "हं," सोमाजी म्हणाले, "वाच पोरी. पयलं कलम."

यशोधरा वाचू लागली. पण मनात. तिनं पहिलं कलम वाचलं, दुसरं वाचलं, पान वर सरकवलं. घाई केली नाही. लाइट कधीही जाईल हे तिला माहीत होतं, तरीही केली नाही. मागे माणसं ताटकळली. कुणी खोकलं, कुणी घसा खाकरला. जयवंतरावांनी मान उंच करून पडद्यावरचे शब्द ओळखायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"आगं, काय लिवलंय त्यात?" शेवटी तात्यांना राहवेना. "आमाला कळू दे की. आमी कंपनीकडचं हाये."

"तात्या," ती मागे न वळता म्हणाली, "ते माझ्यात आणि कंपनीत आहे."

शेवटची ओळ वाचून झाली तशी तिनं बटण दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली.

तरी कुणी उठेना. एवढी मोठी बैठक, आणि शेवटी करायचं काय हेच कुणाला सुचत नव्हतं. सगळे त्या हिरव्या पट्टीकडे बघत बसले. तेव्हा द्रौपदाबाई स्वयंपाकघराचं दार सोडून पुढच्या खोलीत आल्या. दोन्ही सतरंज्यांच्या मधून, तांब्या ओलांडून, सरळ चालत आल्या आणि मुलाकडच्या सतरंजीचं एक टोक त्यांनी हातात धरलं.

"उठा," त्या म्हणाल्या. "तिला काम हाय."